लोणारच्या पाण्यातला शिधा

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. एरवी हे पाणी हिरवे दिसते. त्या वर्षी टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून मुलांनी ते गुलाबी पाणी काठावर जाऊन नव्हे, तर मोठ्यांच्या फोनवर पाहिले. कोणी म्हणाले, रंग टाकला. कोणी म्हणाले, उल्केचा परिणाम. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. उत्तर असे मिळाले की, पाण्यात मीठप्रिय सूक्ष्मजीव फार वाढले होते आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसत होते. पुढे पाऊस झाला, ते जीव तळाशी बसले आणि रंग ओसरला.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. पण वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी याच्या पुढचा प्रश्न विचारील : "सर, हे जीव आले कोठून? आणि गेले कोठे?"

या प्रश्नाचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. ते कोठून आले नव्हते, आणि कोठे गेलेही नाहीत. ते तिथेच होते. त्यांच्यासाठी परिस्थिती आणि शिधा जमून आला तेव्हा ते कामाला लागले. शिधा संपला तेव्हा गप्प बसले. समुद्रातले जिवाणू असोत, शेतातले असोत की लोणारचे. कोण हजर आहे यापेक्षा कोणाला खायला मिळते आहे, यावरच तिथले सारे व्यवहार ठरतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा नियम शिकवायचा, तर लोणारइतकी चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही.

दगडी वाडग्यातले पाणी

लोणारचे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि आतल्या सरोवराचा सुमारे १.२ किलोमीटर. हे विवर ज्वालामुखीचे की आघाताचे, हा वाद बरीच वर्षे चालला. प्रचंड दाबाखालीच बनणारी 'मास्केलिनाइट' नावाची काच येथील खडकांत सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आघाताची बाजू पक्की झाली. वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. पूर्वी ते सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. आर्गॉन पद्धतीने केलेल्या नंतरच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या वाडग्यात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाऊस, कड्यावरून उतरणारे ओघळ आणि धार, रामगया, सीतान्हाणी यांसारखे झरे पाणी आणतात. जाते ते फक्त वाफ होऊन. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. हजारो वर्षे आलेले क्षार येथेच साठले.

पण मग हे पाणी समुद्रासारखे का नाही? समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो. लोणारचा १० च्या आसपास मोजला गेला आहे. सामू एकाने वाढला की आम्लारीपणा दसपट वाढतो. म्हणजे हा फरक जवळजवळ शंभरपटीचा झाला. समुद्रात मुख्यतः मीठ आहे. लोणारमध्ये मिठाबरोबर धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट, आहेत. पूर्वी येथला क्षार काढून विकला जाई. त्याच्या प्रतींना डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. काच आणि साबण बनवण्यासाठी लागणारा माल येथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'तही आहे.

हा सोडा आला बेसाल्टमधून. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आम्ल होते. असे पाणी खडक हळूहळू झिजवते. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. पाणी आटू लागले की सर्वांत आधी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, खाली बसते. समुद्रात कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम जास्त, म्हणून कॅल्शियम शिल्लक राहते. लोणारसारख्या ठिकाणी उलटे होते. कॅल्शियम आधी संपते, कार्बोनेट उरते आणि ते सोडियमबरोबर पाण्यात राहते. या एका हिशेबावर सरोवराचे पुढचे सारे जीवन उभे आहे.

नत्र, स्फुरद आणि पुरणपोळी

प्रत्येक सजीवाला कार्बन, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), गंधक, लोह अशी मूलद्रव्ये लागतात. आणि ती ठराविक प्रमाणात लागतात. घरात पुरणपोळीचा बेत आहे. कणीक पाच किलो आहे, हरभऱ्याची डाळ चार किलो आहे, पण गूळ फक्त पाव किलो आहे. पोळ्या किती होतील? जेवढ्या पाव किलो गुळात होतील तेवढ्याच. कणीक आणखी पाच किलो आणली तरी एकही पोळी वाढणार नाही. गूळ थोडा आणला, तर मात्र लगेच वाढतील.

शेतीच्या संदर्भात हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावाने ओळखला जातो. पिकाची वाढ सर्वांत अपुऱ्या अन्नद्रव्यावर ठरते, हे आपल्याकडचा शेतकरीही जाणतो. १९३४ साली अमेरिकेच्या आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्रातील सूक्ष्म जीवांचा असाच हिशेब मांडला. आज तो साधारण असा सांगतात : कार्बनच्या १०६ अणूंमागे नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १. ही समुद्राची पुरणपोळी.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण पाच ते दहा लाख जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक अर्धपोटी असतात. काही जातींनी आपले शरीर इतके लहान केले आहे की थोडक्यात भागावे. काही जाती अगदी वेगळ्या स्वभावाच्या. त्या थोड्या संख्येने टिकून राहतात, आणि मेलेला मासा, शेवाळाचा लोट किंवा नदीचे गढूळ पाणी आले की काही तासांत पटापट वाढतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे दरवर्षी घडते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. वनस्पतिप्लवक वाढतात, मरतात, खाली जातात. जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. १९९९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना किनाऱ्याजवळच्या तळच्या पाण्यात ऑक्सिजन नाहीसा झालेला आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार झालेला आढळला. विष कोणी टाकले नव्हते. अन्न जास्त झाले होते.

लोणारचा हिशेब

आता लोणारच्या कोठीत काय काय आहे ते पाहू.

कार्बन : भरपूर. पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट इतके आहे की प्रकाशसंश्लेषण करणाऱ्याला त्याची चणचण भासण्याचे कारण नाही.

स्फुरद : सोडा सरोवरांत तो सहसा विपुल असतो. समुद्रात आणि जमिनीत कॅल्शियम स्फुरदाला धरून खाली बसवतो. सोडा सरोवरात कॅल्शियम आधीच चुनखडी होऊन संपलेले असते. धरायला कोणी नाही, म्हणून स्फुरद पाण्यात विरघळलेला राहतो.

नत्र : येथे गाडे अडते. मेलेल्या पेशी कुजल्या की त्यांतले नत्र अमोनियमच्या रूपात पाण्यात येते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात त्यातला शंभरातला जेमतेम एक भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो. बाकीचा विरघळलेला, सुरक्षित. सामू सव्वानऊच्या आसपास गेला की निम्मा वायू होतो. सव्वादहाला दहापैकी नऊ भाग! वायू पाण्यात थोडाच बांधून राहणार? तो हवेत उडून जातो. म्हणजे या वाडग्यातून बाहेर जायला दोनच वाटा : पाण्याची वाफ आणि नत्राचा वायू.

हे वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. बशीत थोडा नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या. वास येत नाही. आता त्यात धुण्याचा सोडा मिसळून पाण्याचे चार थेंब टाका. हाताने वारा घालून दुरूनच वास घ्यायला सांगा. नाकाला झोंबणारा तो वास अमोनियाचा. सोड्याने नवसागरातले नत्र हवेत घालवले. शेतकऱ्यांच्या मुलांना यातून आणखी एक गोष्ट सांगता येईल : चोपण जमिनीत अमोनियायुक्त खत वरवर पसरले, तर त्यातला काही भाग असाच उडून जातो.

हिरवा रंग कोणाचा?

लोणारच्या हिरव्या रंगामागे मुख्यतः एक नीलहरित जिवाणू आहे. तो सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखा पिळदार दिसतो. शास्त्रज्ञ त्याला आर्थ्रोस्पायरा म्हणतात; औषधाच्या दुकानात तो 'स्पिरुलिना' या नावाने गोळ्यांच्या रूपात मिळतो. पूर्व आफ्रिकेतील सोडा सरोवरांवर लाखो रोहित पक्षी जमतात, तेही मुख्यतः यालाच खायला.

स्पिरुलिना टाक्यांत वाढवणारे लोक झारूक यांची कृती वापरतात. एक लिटर पाण्यात १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट आणि बाकी किरकोळ क्षार. ही कृती नीट वाचली, तर लोणारची नक्कल दिसते. सोडा आहे, स्फुरद आहे. पण नायट्रेट मात्र बाहेरून, तेही चांगले अडीच ग्रॅम घालावे लागते. कारण हा जीव हवेतले नत्र स्वतः बांधू शकत नाही. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू किंवा इतर काही नीलहरित जिवाणू ते करतात. याला मिळेल त्यावर भागवावे लागते.

म्हणजे लोणारचे पाणी किती हिरवे, हे बऱ्याच अंशी त्या सरोवराला नत्र किती आणि कोठून मिळते यावर अवलंबून राहणार. नत्र बांधणारे जिवाणू थोडे देतात, कुजणाऱ्या पेशी थोडे परत करतात, झऱ्यांतून थोडे येते. आणि काही माणसे देतात. त्याकडे आपण शेवटी वळू.

एकच चिखल, तीन जेवणे

स्पिरुलिनाचे आयुष्य संपले की त्याचा मळ तळाशी जातो. काठावरचा काळा, दुर्गंधी येणारा चिखल म्हणजे लोणारचे खरे स्वयंपाकघर. वरच्या थरातला ऑक्सिजन लवकर संपतो. मग ज्यांना ऑक्सिजनविना श्वसन जमते ते पुढे येतात. कोणी नायट्रेट वापरतो, कोणी सल्फेट. सल्फेट वापरणाऱ्यांमुळे सडक्या अंड्याचा वास सुटतो. सर्वांत शेवटी मिथेन तयार करणारे जीव. समुद्राच्या एका लिटर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते, त्यामुळे समुद्राच्या तळाशी सल्फेटवाल्यांचे राज्य असते. ते हायड्रोजन आणि ॲसिटेट आधीच फस्त करतात, आणि मिथेनवाल्यांच्या ताटात काही पडत नाही.

पण निसर्गात असेही पदार्थ आहेत ज्यांकडे सल्फेटवाले फारसे वळत नाहीत : मिथेनॉल, मिथिलअमाइन यांसारखे एकच कार्बन अणू किंवा मिथिल गट असलेले पदार्थ. खाऱ्या पाण्यातले अनेक जिवाणू मिठाचा ताण सोसण्यासाठी पेशीत ग्लायसिन बीटेन नावाचा पदार्थ साठवतात. ते मेले की तो कुजून मिथिलअमाइने तयार होतात. खारटपणा सोसण्यासाठी एकाने केलेली साठवण, त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याचे जेवण होते.

लोणारच्या चिखलात हे जेवण नेमके कोण जेवते? पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि इंग्लंडमधील कॉलिन मरेल यांच्या गटांनी मिळून याचा शोध घेतला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास शिकवण्याच्या दृष्टीने फार सुंदर आहे.

अडचण अशी. चिखलातल्या सर्व जीवांचा डीएनए काढला, तर कोण कोण हजर आहे ते कळते. पण हजेरीपटावर पन्नास नावे असली, म्हणून पन्नासही मुले गणित सोडवत आहेत असे आपण म्हणतो का? काम कोण करतो ते कसे ओळखायचे? त्यासाठी त्यांनी कार्बनचा जड समस्थानिक, कार्बन-१३, वापरला. तो किरणोत्सारी नाही, फक्त नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा जड आहे. चिखलाचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन एकाला जड कार्बनचा मिथेन, दुसऱ्याला जड मिथेनॉल, तिसऱ्याला जड मिथिलअमाइन दिले. ज्या जीवाने ते खाल्ले आणि त्यावर नवी पेशी बांधली, त्याचा डीएनए जड झाला. ज्याने खाल्ले नाही, त्याचा हलकाच राहिला. अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात जड आणि हलका डीएनए वेगळा करता येतो. जड भाग वाचला की काम करणाऱ्यांची नावे हाती येतात.

निकाल काय आला? मिथेन दिलेल्या चिखलात मुख्यतः मिथायलोमायक्रोबियम कामाला लागला होता. मिथेनॉल दिलेल्यात मिथायलोफागा. आणि मिथिलअमाइन दिलेल्यात बॅसिलस. चिखल एकच, काठ एकच. ताटातला पदार्थ बदलला तसा जेवणारा बदलला. शिवाय, जड डीएनएत असेही बरेच क्रम मिळाले जे तोवर माहीत असलेल्या जीवांशी जुळत नव्हते. त्याच गटाच्या पुढच्या, २०१२ सालच्या अभ्यासात मिथेन तयार करण्याच्या बाजूला मिथॅनोलोबस हा आर्किया क्रियाशील आढळला. म्हणजे एकाच चिखलात मिथेन बनवणाराही आहे आणि तो हवेत सुटण्याआधी खाणाराही आहे. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र हरितगृह वायू. या दोघांच्या शिध्यात बदल झाला, तर त्याचा परिणाम विवराच्या कड्याबाहेरही पोचतो.

नेदरलँड्सच्या बास बेकिंग या शास्त्रज्ञाने १९३४ साली असा विचार मांडला होता की सूक्ष्मजीव जवळजवळ सगळीकडे पोचलेले असतात; कोणता वाढेल ते त्या जागेची परिस्थिती निवडते. आजच्या ज्ञानाने त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते, कारण काही जाती खरोखरच एका जागेपुरत्या असू शकतात. लोणारमधून शोधलेल्या एका जिवाणूला 'सेसेम्बिया लोणारेन्सिस' असे गावाचेच नाव मिळाले आहे. पण कामकाजाच्या बाबतीत तो विचार लोणारला चांगला लागू पडतो.

मग गुलाबी रंग

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी आटले, उथळ झाले, क्षार दाट झाले. स्पिरुलिनासारख्यांना ते जड जाते. मीठप्रिय आर्किया मात्र मिठाशिवाय जगूच शकत नाहीत. मीठ कमी झाले तर त्यांच्या पेशी फुटतात. (आर्किया हे दिसायला जिवाणूंसारखे असले, तरी वंशाने वेगळे आहेत, हे उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.) क्षार दाट झाले, ऊन भरपूर होते, आणि मेलेल्या हिरव्या पेशींतून सुटलेले प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, हे तर त्यांचे आवडते अन्न. हिरव्याचे मरण गुलाबीच्या पथ्यावर पडले. त्यांच्या पेशीपटलात गाजरातल्या रंगाच्या जातीची लालसर द्रव्ये असतात. ती कडक उन्हापासून पेशीला जपतात. या कुळातल्या काही जीवांत तर सूर्यप्रकाशावर चालणारा एक प्रथिनाचा पंपही असतो, जो हरितद्रव्याशिवाय प्रकाशातून ऊर्जा मिळवून देतो.

पाऊस आला, पाणी पातळ झाले, त्यांचा काळ संपला. पण बीज गेले नाही. काठावरच्या क्षाराच्या पापुद्र्यात, मिठाच्या स्फटिकातल्या सूक्ष्म थेंबातही असे जीव दीर्घकाळ तग धरतात.

म्हणजे सरोवराचा रंग हा त्याच्या कोठीचा हिशेब आहे. तो वाचता आला पाहिजे.

खायला घालून मारणे

लोणारचे रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दगड, मंदिरे आणि झाडे येतात. सन २००० मध्ये येथे वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. २०२० मध्ये हे सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. हे चांगलेच झाले. पण विवराच्या दगडाला पुढची हजारो वर्षे काही होणार नाही. धोका आहे तो पाण्यातल्या शिध्याला.

विवराच्या कड्यावर गाव वाढले. गावाचे सांडपाणी विवरात उतरण्याचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे आणि न्यायालयातही गेला आहे. सांडपाण्यात नत्र असते. आजूबाजूच्या बागायती शेतांतले जादा खत भूजलातून झऱ्यांपर्यंत पोचू शकते. एके काळी विवराच्या आतही शेती होत असे. यांतले काहीच विषारी नाही. युरिया विष नव्हे, घरातले पाणीही नव्हे. पण ज्या कोठीत नत्राची टंचाई हाच नियम होता, तिथे नत्राची पोती उतरवली तर काय होईल? पाव किलो गुळाच्या घरात एकदम दहा किलो गूळ! जो पटकन वाढतो तो वाढेल, मरेल, तळाशी जाईल, आणि ऑक्सिजन संपवील. टंचाईत टिकायला शिकलेले, हळू वाढणारे जीव मागे पडतील.

दुसरी गोष्ट गोड्या पाण्याची. लोणारचा खारेपणा विसाव्या शतकात कमी होत गेला आहे. एके काळी उन्हाळ्यात क्षाराची पापडी गोळा करून विकता येई इतकी जमत असे, ती गोष्ट आता आठवणीतली झाली. अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी वाढून काठावरच्या मंदिरांपर्यंत पाणी आल्याच्या बातम्याही येतात. सरोवर भरलेले पाहून आपल्याला बरे वाटते. दुष्काळी भागातल्या माणसाला भरलेले पाणी शुभच वाटणार. परंतु सोडा सरोवरात पाणी वाढणे म्हणजे सोडा पातळ होणे. सामू पुरेसा खाली आला, तर जे जीव जगात मोजक्याच ठिकाणी राहतात त्यांच्या जागी कुठल्याही तळ्यात सापडणारे जीव येतील. दगडी वाडगा तसाच राहील, पर्यटकही येत राहतील. पण लोणार म्हणजे एक साधे तळे झालेले असेल.

वर्गात करून पाहा

रशियाचे सर्गेई विनोग्राड्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवलेला एक प्रयोग आजही शाळेत सहज जमतो. चिखल लोणारहून आणू नये. ते अभयारण्य आहे. गावातल्या तळ्याचा किंवा नाल्याचा काळा चिखल पुरेसा आहे.

एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत फक्त चिखल. दुसरीत चिखल आणि वर्तमानपत्राचे बारीक तुकडे. तिसरीत चिखल, कागद, अंड्याच्या कवचाची पूड आणि फळ्यावरच्या खडूची पूड. कागदातून कार्बन मिळतो, कवचातून कार्बोनेट आणि खडूतून सल्फेट, कारण आपल्याकडचा खडू बहुधा जिप्समचा असतो. चौथी अगदी तिसरीसारखी भरा, पण काळ्या कागदात गुंडाळा. सर्वांत वर चार बोटे तळ्याचे पाणी ठेवा. झाकण सैल लावा. आत वायू तयार होतो. बाटल्या खिडकीजवळ, पण भर उन्हात नव्हे अशा ठेवा. हात साबणाने धुवा आणि बाटलीला नाक लावू नका.

दर आठवड्याला विद्यार्थ्यांनी रंगीत पेन्सिलने बाटलीचे चित्र काढावे. सहा ते आठ आठवड्यांत तिसऱ्या बाटलीत काळे, हिरवे, जांभळट-लाल पट्टे दिसू लागतात. काळा पट्टा सल्फेटवाल्यांच्या कामाची खूण. त्याच्यावरचे हिरवे आणि जांभळे जिवाणू त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड आणि खिडकीतला प्रकाश वापरतात. पहिल्या बाटलीत रंग फिकट राहतील. चौथीत काळे येईल, पण हिरवे-जांभळे सहसा येणार नाही.

मग मुलांना विचारा : चारही बाटल्यांत चिखल एकाच घमेल्यातला होता. जीव तेच होते. मग रंग वेगळे का?

हे उत्तर ज्यांना स्वतःच्या बाटलीवरून सापडले, ती मुले पुढे लोणारच्या कड्यावर उभी राहतील तेव्हा "पाणी हिरवे आहे" एवढेच म्हणणार नाहीत. हे हिरवे कशावर जगते, आणि गावातून येणारी गटार कोठे जाते, असेही विचारतील.